साताऱ्याहून आलेली वस्त्रे

२८ मे १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर एका चाळीस दिवसांच्या मुलाला मराठी राज्याची पेशवाई मिळाली. मुलाचा बाप नारायणराव आदल्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात मारला गेला होता. त्या वेळी त्याची बायको गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि त्यांच्या जोडीच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवले आणि दिवस मोजले. १८ एप्रिलला मुलगा झाला. मग साताऱ्याला माणसे गेली आणि छत्रपती रामराजांकडून पेशवेपदाची वस्त्रे व शिक्के-कट्यार आली. सवाई माधवराव पेशवे झाले. पाळण्यातल्या मुलाला जामा, पागोटे आणि कमरबंद चढवायचे कसे, हा प्रश्न मुत्सद्द्यांना पडला असो वा नसो, सुईणीला नक्कीच पडला असेल.

खरी गंमत मुलाच्या वयापेक्षा वस्त्रे देणाऱ्याच्या स्थितीत आहे. रामराजे छत्रपती होते, पण राज्य त्यांच्या हाती नव्हते. आधी ताराबाईने त्यांना कैदेत ठेवले होते. पुढे कैद सैल झाली तरी खर्चापासून भेटीगाठींपर्यंत सगळे पुण्याच्या नजरेखाली चाले. त्यांच्या सहीने एक गावही सहज इकडचे तिकडे झाले नसते. तरीही या माणसाकडून कापडाची गाठोडी आल्याशिवाय पुण्यात कोणी पेशवा होऊ शकत नव्हता. फौज, खजिना आणि कारभारी सगळे तुमच्याकडे असले तरी वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत.

आपण हे वाचतो आणि म्हणतो, वस्त्रे हे पदाचे प्रतीक होते. मला हे उत्तर अपुरे वाटते. प्रतीक असते तर त्याच्यासाठी एवढी धावपळ झाली नसती, दुसरे काहीतरी त्याच्या जागी चालले असते. मराठी कागदपत्रांत ‘पेशवाईची वस्त्रे झाली’ असे लिहिले जाते. पद आधी मिळाले आणि मग त्याची खूण म्हणून पोशाख दिला, असा क्रम त्यात नाही. वस्त्र अंगावर चढणे हीच नेमणूक होती. आणि ते कोणाच्या हातून चढले, यावर सारे अवलंबून असे.

ही रीत आली कुठून, हे पाहायला थोडे लांब जावे लागते. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दरबारात मानाचा पोशाख देण्याची पद्धत रुजली होती. खलिफाचे नाव विणलेल्या पट्ट्यांचे कापड खास कारखान्यांत तयार होई. ज्याच्या दंडावर ती पट्टी, तो कोणाचा माणूस हे रस्त्यावरच्या पोरालाही कळे. मध्य आशिया आणि इराणमधून ही चाल हिंदुस्थानात आली आणि मोगलांनी तिला कारखानदारीचे रूप दिले. अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त लिहितो, की अकबरासाठी दर ऋतूला एक हजार पोशाख तयार होत आणि त्यांतले एकशेवीस, बारा गाठोड्यांत बांधून, कायम हाताशी ठेवलेले असत. एका माणसाला हजार पोशाख लागत नाहीत. बादशहाच्या अंगावरून ते इतरांच्या अंगावर जायचे होते.

या मानाच्या पोशाखांना, म्हणजे खिलतींना, पायऱ्या होत्या. साधी खिलत तीन वस्त्रांची: पगडी, घेरदार जामा आणि कमरबंद. त्यावरची पाचांची, तिच्यात शिरपेच आणि पगडीवर बांधायची पट्टी वाढे. त्याहून वरच्या माणसाला अर्ध्या बाह्यांची अंगाबरोबरची बंडी मिळे. आणि सगळ्यांच्या वर होती ‘मलबूस-इ-खास’, म्हणजे बादशहाने स्वतः अंगात घातलेले कपडे. तिथे कापडाची किंमत दुय्यम ठरे. ते वस्त्र त्या देहाला लागलेले आहे, थोड्या वेळासाठी का होईना, ही त्याची किंमत होती. ज्याला ते मिळाले तो बादशहाच्या देहाचाच एक भाग झाला, अशी त्यामागची समजूत होती.

ही समजूत परकी वाटत असेल तर नवरात्रात कोल्हापूरला जाऊन पाहावे. अंबाबाईला तिरुपती देवस्थानाकडून मानाचा शालू येतो, तो थाटाने नेला जातो, त्याची बातमी होते. देवीच्या अंगावरून उतरलेली साडी प्रसाद म्हणून घरी नेणाऱ्या बायका तिच्या जरीचे वजन पाहत नाहीत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गळ्यात घातला जाणारा सिरोपा याच घराण्यातला. आणि खेड्यात कोणी गेले की सोयरे ‘दुखवटा’ आणतात, म्हणजे टॉवेल-टोपी, लुगडे. बाप गेलेल्या मुलाच्या डोक्यावर टोपी चढते ती उन्हासाठी नाही. आता हा घरचा कर्ता, हे चार लोकांसमक्ष ठरते. पुरंदरावरचा प्रसंग याच जातीचा होता, फक्त टोपीसोबत साम्राज्य होते.

कपडा घेणे म्हणजे देणाऱ्याला वरचा मानणे, हे एकदा कळले की शिवाजी महाराजांच्या चरित्रातले काही प्रसंग वेगळे दिसू लागतात. १६६५ च्या पुरंदर तहानंतर औरंगजेबाचे फर्मान आणि मानाचा पोशाख आला. महाराज रिवाजाप्रमाणे पुढे चालत जाऊन फर्मानाला सामोरे गेले. तहाचा तो भाग होता आणि त्यांनी तो पाळला. पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ ला, आग्र्याच्या दरबारात काय झाले ते आपण ‘पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले’ एवढ्या वाक्यात शिकतो. जयपूरच्या दप्तरात सापडलेली, त्याच दिवसांत लिहिलेली राजस्थानी पत्रे जास्त बारीक सांगतात. बादशहाचा चांद्रवर्षाने पन्नासावा वाढदिवस होता. विडे वाटले गेले. मग खिलती आल्या: शहाजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला. महाराजांना नाही. रांगेचा अपमान होताच, पण डोळ्यांसमोर पोशाखांची तबके आपल्याला वगळून पुढे सरकताना पाहणे, हा त्या काळच्या माणसाला कळणारा सर्वांत स्पष्ट शब्द होता. त्यांनी सिंहासनाकडे पाठ फिरवली आणि बाजूला जाऊन बसले. मग धावपळ झाली आणि बादशहाने शिरपाव पाठवला. तो त्यांनी घालायला नकार दिला.

या नकाराला माझ्या मते रागापेक्षा मोठी जागा द्यायला हवी. रागावलेला माणूस समजूत काढल्यावर पोशाख घेतो. इथे पोशाख परत गेला. आठ वर्षांनी, ६ जून १६७४ ला, रायगडावर अभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना वस्त्रे, हत्ती, घोडे दिले गेले. राज्याभिषेकाचे विधी, छत्र, नवी कालगणना यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातली एक साधी गोष्ट मात्र निसटते. त्या दिवसापासून मराठी मुलखात वस्त्रे देणारा एक हात तयार झाला, ज्याला स्वतःला दुसऱ्या कोणाकडून वस्त्र घ्यायचे नव्हते.

औरंगजेबालाही कपड्याची ही भाषा पुरी येत होती. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना पकडून बहादूरगडाच्या छावणीत आणले, तेव्हा त्यांना विदूषकाचा वेश चढवला, डोक्यावर घुंगरांची उंच टोपी घातली आणि उंटावरून धिंड काढली. छळाची इतर साधने त्याच्याकडे होती, ती पुढे वापरलीही. पण आधी वेश. राजाचे कपडे उतरवले असते तर उघडा राजा दिसला असता. म्हणून त्याच्या अंगावर दुसऱ्याचे सोंग चढवले. ही उलटी खिलत होती.

शाहू छत्रपतींच्या काळात वस्त्रांचा व्यवहार रोजचा झाला. बाळाजी विश्वनाथाला १७१३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला, बाजीरावाला १७२० मध्ये कऱ्हाडजवळच्या मसूरला, म्हणजे दोघांनाही मुक्कामाच्या जागीच वस्त्रे झाली. राजवाडा लागत नव्हता, राजा लागत होता. पुढे पेशवेही आपल्या सरदारांना, वकिलांना, शास्त्र्यांना वस्त्रे देऊ लागले. पैठण, बुऱ्हाणपूर, चंदेरीहून आलेली पागोटी आणि शेले जामदारखान्यात साठत आणि माणूस पाहून बाहेर निघत. कोणाला जरीकाठी, कोणाला साधे, कोणाला नुसता शेला, याचे हिशेब लिहिले जात. एक पागोटे कमी पडले म्हणून रुसलेल्या सरदारांना आपण हसतो. आज सत्कारात शेजाऱ्याला पैठणीची शाल आणि आपल्याला यंत्रमागावरची मिळाली तर आपण काय करतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

खुद्द शाहूंनी या व्यवहाराची केलेली थट्टा इतिहासकार ग्रँट डफने नोंदवली आहे. दरबारात सरदार भेटीला येणार होते. महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे कापड आणि दागिने घातले आणि आपली स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्या कुत्र्याने एकदा शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला होता. डफ पुढे सांगतो, की पगडी अशी दिल्यावर शाहूंनी पुन्हा कधी डोक्यावर काही घातले नाही. गोष्टीत किती मीठमसाला आहे ते सांगता येत नाही, पण शेवटचा तपशील कोणी उगाच रचणार नाही. थट्टा केली तरी दिलेली पगडी ही दिलेली पगडी, ती परत घ्यायची नसते, हा नियम राजाने स्वतःवरही लावला.

पुरंदरच्या बाळाकडे परत येऊ, कारण त्या वस्त्रांत एक अडचण होती. तशीच वस्त्रे आदल्याच वर्षी दुसऱ्या माणसाला मिळाली होती. नारायणरावाच्या खुनानंतर त्याचा चुलता राघोबादादा याने आपला दत्तक मुलगा अमृतराव याला साताऱ्याला पाठवले आणि पेशवाईची वस्त्रे मागवून घेतली. खुनाचा संशय डोक्यावर होता, रामशास्त्री प्रभुणे चौकशी करत होते, तरी वस्त्रे आली. म्हणजे एका वर्षाच्या आत एकाच राजाने एकाच पदाची वस्त्रे दोघांना दिली आणि दोघेही जिवंत होते. बारभाई आणि राघोबा यांच्यात पुढे जे झाले, इंग्रजांचा शिरकाव, सुरतेचा तह, पहिले इंग्रज-मराठे युद्ध, त्याच्या मुळाशी ही दोन गाठोडी आहेत. राघोबा पुढेही स्वतःला पेशवा म्हणवत राहिला तो काही केवळ हट्ट नव्हता. त्याच्या अंगावरही साताऱ्याची वस्त्रे चढली होती.

१७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, वारस नव्हता. तेव्हा गोंधळाने कळस गाठला. नाना फडणीसाला राघोबाचा थोरला मुलगा बाजीराव नको होता. म्हणून धाकट्या चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवेच्या, यशोदाबाईच्या, मांडीवर दत्तक दिले. नात्याने तो तिच्या नवऱ्याचा चुलता लागत होता, म्हणजे पुतण्याला काका मुलगा झाला. १७९६ मध्ये त्याला साताऱ्याची वस्त्रे आली. त्याच वर्षी डिसेंबरात वारे फिरले, दत्तक अशास्त्रीय ठरले आणि वस्त्रे बाजीरावाला आली. शास्त्री दोन्ही वेळा मिळाले आणि गाठोडीही.

याच सुमारास सातारचा राजा अधिकाधिक दुबळा होत होता. त्याच्याकडून वस्त्रे आणण्याच्या रीतीला इतिहासकार पोकळ औपचारिकता म्हणतात. ती पोकळ असती तर एखाद्या धटिंगणाने म्हटले असते, की चला, पुण्यातच शिवून घेऊ. शिंदे, होळकर, नाना, राघोबा यांपैकी धटिंगणपणात कोणी कमी नव्हते, पण असे कोणी केले नाही. कारण सोपे आहे. स्वतःच्या हाताने स्वतःच्या अंगावर मान चढवता येत नाही. मान देणारा दुसराच असावा लागतो आणि तो लढाईत नसलेला असेल तर उत्तम. साताऱ्याचा राजा बिनधोक होता, म्हणूनच सर्वांना चालत होता.

या साऱ्या व्यवस्थेचा सर्वांत झगमगीत, आणि मला वाटते सर्वांत करुण, प्रयोग पुण्यात गारपिराजवळ जून १७९२ मध्ये झाला. महादजी शिंदे उत्तरेतून बारा वर्षांनी परत आले होते आणि दिल्लीच्या शहाआलम बादशहाकडून पेशव्यासाठी ‘वकील-इ-मुत्लक’, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, या पदाची फर्माने आणि खिलत घेऊन आले होते. हा बादशहा आंधळा होता. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले होते. त्याला पुन्हा गादीवर बसवणारे महादजीच, त्याचा खर्च चालवणारेही महादजीच. नाना फडणीसाने आक्षेप घेतला. छत्रपती असताना पेशव्याने दुसऱ्या धन्याकडून ‘महाराजाधिराज’ वगैरे किताब कसे घ्यावे? मग साताऱ्याहून परवानगी मागवली गेली आणि ती आली. शक्ती नसलेल्या एका राजाने, शक्ती नसलेल्या दुसऱ्या राजाचे कपडे घालायला, सगळी शक्ती असलेल्यांना परवानगी दिली.

तंबू उभारले गेले. बादशहाचे म्हणून एक रिकामे सिंहासन मांडले, त्यावर फर्माने आणि खिलत ठेवली. अठरा वर्षांच्या पेशव्याने तीनदा मुजरा केला, एकशेएक मोहरा नजर ठेवल्या. शिंद्यांच्या पारसनविसाने फर्माने वाचली, त्यांत गोहत्याबंदीचेही एक होते. खिलतीत नऊ वस्त्रे, पाच रत्नजडित अलंकार, ढाल-तलवार, शिक्का, दौत आणि मोर्चेले होती. पेशवे शेजारच्या तंबूत गेले, ती वस्त्रे घालून परत आले आणि मग महादजी, नाना यांनी त्यांना नजराणे केले. त्याआधीच्या भेटीत महादजींनी काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यापुढे ठेवले होते, आमच्या बापाचे कामच हे, असे म्हणत. हिंदुस्थानातल्या एका मोठ्या कवायती फौजेचा मालक जोड्यांचे गाठोडे घेऊन फिरत होता आणि त्याचा अर्थ दरबारातल्या प्रत्येकाला कळत होता. नानाला तर फारच चांगला.

इंग्रजांना ही भाषा सुरुवातीपासून अवघड वाटे. १६१६ मध्ये शहाजादा खुर्रम दख्खनच्या स्वारीवर निघाला, तेव्हा त्याने इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला स्वतः वापरलेला सोनेरी झगा दिला आणि त्याच्या खांद्यावर घालायला लावला. रोने नाइलाजाने मुजरा केला आणि रोजनिशीत टोमणा मारला, की नाटकात तैमूरलंगाचे सोंग घेणाऱ्या नटाला हा झगा शोभला असता. त्याला जुने कापड दिसले. दरबाराला दिसले ते असे, की इंग्लंडच्या राजाचा माणूस शहाजाद्याचे वस्त्र अंगावर घेऊन उभा आहे.

कंपनीचे राज्य झाले तेव्हा हीच नजर कायद्यात उतरली. नोकरांनी नजराणे घेणे लाचखोरीत मोजले जाऊ लागले. राजाकडून आलेला पोशाख साहेबाने तोशाखान्यात जमा करायचा, त्याची किंमत लावायची आणि तेवढ्याच किमतीची परतभेट द्यायची. तोशाखान्यातला एका संस्थानिकाचा शालजोड दुसऱ्या संस्थानिकाला जाई. आपल्याकडे लग्नात आलेला आहेर पुढच्या लग्नात जातो, तसाच. फरक इतकाच, की आपण निदान कोणाकडून आला ते लपवायचा प्रयत्न करतो. तोशाखान्याच्या वहीत मात्र देह, हात, मान यांना रकाना नव्हता. नग आणि रुपये होते. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केले, तेव्हा लॉर्ड लिटनने राजांना वस्त्रांऐवजी जड रेशमी निशाणे आणि पदके दिली. निशाणांवर युरोपी पद्धतीची कुलचिन्हे होती, ती एका गोऱ्या अधिकाऱ्याने बेतलेली. निशाण अंगावर चढत नाही, ते हातात धरायचे असते.

हे नवे व्याकरण पक्के होत असतानाच दोन मराठी माणसांनी ते चिमटीत पकडले. १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी समारंभ केला. पाहुणे हिऱ्या-मोत्यांत आले होते. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले. दारावर अडवणूक झाली असे सांगतात. आत जाऊन ते बोलले, की या दागिन्यांवरून देश ओळखू नका, देश माझ्यासारखा दिसतो, राणीला सांगा की त्याला शिक्षण हवे आहे. त्यांनी कोणाचे वस्त्र नाकारले नाही, कारण त्यांना कोणी दिलेलेच नव्हते. न मिळालेल्या वस्त्रांचा वेश त्यांनी घातला होता आणि उन्हात राबणाऱ्या लाखो माणसांच्या वतीने घातला होता.

दुसरे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात राजा पंचम जॉर्जपुढे संस्थानिक एकेक करून जात होते. दागिन्यांनी लगडलेले, पाठ न फिरवता मागे सरकत. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी घेऊन आले, एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले. दरबाराचे चलचित्रण झाले होते, ते लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाचा कांगावा केला. दागिने का नव्हते, किताबाचे पदक का नव्हते, काठी का होती, किती वेळा वाकले, याची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. शंभराहून अधिक वर्षे मराठी दरबारांचे पोशाख नगावारी मोजून वहीत चढवणारे आता एका राजाच्या अंगावर काय नव्हते ते मोजत बसले होते. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंजला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली, आपण गोंधळून गेलो होतो असे सांगितले. पत्र छापले गेले.